दहा मोजेपर्यंत

सकाळी अकरा वाजून एकेचाळीस मिनिटांनी सुनावणीच्या सभागृहात हरकतदारांच्या टेबलावरचे यंत्र आपोआप बंद पडले. धूर निघाला नाही की ठिणगी उडाली नाही. पंखे थांबले, समितीने दिलेला पडदा काळा झाला आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येऊ लागला.

टेबलाशी दोघी बसल्या होत्या, मावशी आणि भाची. मावशी एकसष्ट वर्षांची. तेहतीस वर्षे शहराच्या जलनिस्सारण विभागाच्या पंपघरात नोकरी करून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. अजूनही लोक तिला पंपवाली म्हणूनच ओळखतात. भाची चौतीस वर्षांची, संगणकाच्या दुकानात यंत्रे जोडण्याचे काम करते. बंद पडलेले यंत्र तिनेच जोडले होते.

समोर तिघांची समिती होती आणि उजव्या हाताला विभागाचा अभियंता. हा अभियंता नोकरीला लागला तेव्हा पहिली दोन वर्षे मावशीच्या हाताखाली पंपघरात होता.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारले.

"तापलं," भाची म्हणाली. "थोडं निवलं की परत चालू करते."

"पाचला सुनावणी संपते. नियम माहीत आहे ना?"

"तोंडपाठ आहे," मावशी म्हणाली.

नियम असा होता. हरकत घेणाऱ्याने आपली आकडेमोड समितीसमोर, समितीने त्याच सकाळी बंद पाकिटातून दिलेल्या पावसाच्या आकड्यांवर, स्वतःच्या यंत्रावर, दहा ते पाच या वेळेत पूर्ण करून दाखवावी. अर्धवट आकडेमोड ग्राह्य धरली जाणार नाही. नियम होऊन आठ वर्षे झाली होती. आठ वर्षांत एकाही हरकतदाराने आकडेमोड करून दाखवली नव्हती. नियम करणाऱ्यांची तशीच अपेक्षा असावी.

हरकत एका नाल्याची होती. विभागाला जुने पंपघर बंद करून उघडा नाला जमिनीखालच्या नळात घालायचा आहे. विभागाच्या अहवालाप्रमाणे तीन तास सलग जोराचा पाऊस झाला तरी खालच्या गल्लीत वीस सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साचणार नाही. मावशीच्या हिशेबाने ते मीटरभराच्या वर जाते. खालच्या गल्लीत तळमजल्यावर एकेचाळीस घरे आहेत. त्यातल्या एका घरात भाची राहते आणि भाचीची आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, सहा वर्षे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्या पलंगावरची गादी जमिनीपासून त्रेपन्न सेंटिमीटरवर आहे. हे माप मावशीने स्वतः घेतले होते, दोनदा.

सुनावणी पाचला संपली आणि आकडेमोड अपुरी राहिली, तर योजना त्याच संध्याकाळी मंजूर होणार होती.

चार महिन्यांपूर्वीच्या सुनावणीला त्या दोघी दारातूनच परतल्या होत्या आणि समितीने एकदाच, शेवटची म्हणून, नवी तारीख दिली होती. तेव्हा भाचीने दुकानातले मोठे, कपाटासारखे उभे यंत्र हातगाडीवर आणले होते. रखवालदाराने पाटी दाखवली: तपासणी यंत्राच्या तोंडातून जाईल एवढीच पिशवी, माणशी एक. विभागाचा अभियंता तेव्हा जिन्यात उभा होता. "बाई, घर बदलताय की काय?" तो म्हणाला होता आणि बरोबरचे दोघे हसले होते.

मावशीने तपासणी यंत्राच्या तोंडाला आपली वीत लावली, आडवी आणि उभी. रखवालदार पाहतच राहिला. बाहेर आल्यावर ती भाचीला म्हणाली, "दोन विती रुंद, दीड वीत उंच. यात बसेल असं बनव."

"मावशी, यात स्वयंपाकघरातला मिक्सर बसेल. हे यंत्र नाही बसणार."

"मिक्सर बसतो ना? मग काहीतरी बसतं."

लॅपटॉपने काम भागणार नव्हते. तीच आकडेमोड करायला लॅपटॉपला एकोणीस तास लागत होते. शहराचा उतार, नाल्याची रुंदी, तेहतीस वर्षांच्या नोंदवह्यांमधून मावशीने उतरवून काढलेल्या पाण्याच्या पातळ्या, हे सगळे घेऊन पाणी कुठे जाते ते दर सेकंदाला मोजायचे, तर मोठे ग्राफिक्स कार्ड हवे होते. मोठे कार्ड म्हणजे मोठी उष्णता, आणि पेटी तर जेवणाच्या डब्यांच्या पिशवीएवढी.

भाचीने अकरा लिटरची अॅल्युमिनियमची पेटी निवडली. बुटांच्या खोक्यापेक्षा चार बोटे उंच. मदरबोर्ड हातरुमालाच्या घडीएवढा. प्रोसेसरवरचा पंखा इतका बसका की झाकण लावल्यावर मध्ये तीन मिलिमीटर जागा उरली. कार्ड तळाशी आडवे, पंखे खाली, पेटीच्या तळाच्या जाळीतून हवा ओढणारे. कार्ड चार मिलिमीटर लांब भरले. भाचीने त्याच्या टोकाचे प्लॅस्टिक कानसने घासून काढले. दुकानाच्या मालकाने ते पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"नव्या कार्डाला कानस? आता याची हमी गेली. कंपनी दारात उभी करणार नाही."

"मी कुठे त्यांच्या दारात जातेय," भाची म्हणाली.

वायरी नेहमीच्या लांबीच्या घेतल्या तर त्यांचा गुंता हवेच्या वाटेत येत होता. तिने प्रत्येक वायर मापून कापली, नव्याने टोके लावली. वीज पुरवणारी पेटी सर्वांत लहान मिळते ती घेतली. ती कार्डाच्या डोक्यावरच बसली, वरच्या झाकणाला टेकून. तिचे तापमान पडद्यावर दिसत नाही. ही एक उणीव भाचीने तेव्हाच सांगितली होती.

"दिसत नाही तर हात लाव," मावशी म्हणाली. पंपघरात मोटरीचे तापमान मोजायला काही नव्हते तेव्हा ती मोटरीवर तळहात ठेवून मनात अंक मोजायची. दहापर्यंत हात टिकला तर मोटर ठीक. सहाला उचलावा लागला तर भार कमी करायचा. चारला उचलावा लागला तर मोटर बंद करायची, वरून कोणाचाही फोन येवो. तेहतीस वर्षांत तिच्या पाळीत एकही मोटर जळाली नाही. हे ती स्वतः सांगत नसे, पण कोणी दुसऱ्याने सांगितले तर अडवत नसे.

अकरा वेळा चाचणी झाली. मावशीच्या स्वयंपाकघरात, बहुतेक ओट्याच्या दगडावर, खिडक्या लावून. चौथ्या चाचणीत पूर्ण जोर लावला तेव्हा दोन तास दहा मिनिटांनी वीजपुरवठ्याची पेटी तापून सगळे बंद पडले. मग मावशीच्याच सांगण्यावरून भाचीने कार्डाला मिळणारी वीज थोडी कमी केली. "पंप पूर्ण उघडला म्हणून पाणी तेवढं वाढत नाही," मावशी म्हणाली होती. "नुसती बोंब वाढते. त्याची पाठ कुठे दुखत नाही ते बघ आणि तिथे चालव." वीज पाचवा हिस्सा कमी झाली, वेग मात्र जेमतेम सहा टक्क्यांनी घटला. पुढच्या सातही चाचण्या पार पडल्या. पूर्ण आकडेमोडीला साडेपाच तास.

सुनावणीच्या दिवशी पावसाचे पाकीट दहा वाजून दहा मिनिटांनी फुटले आणि सव्वादहाला यंत्र कामाला लागले. पावणेचारला काम संपायला हवे होते. ते अकरा एकेचाळीसला बंद पडले.

यंत्र दर अर्ध्या तासाने तोवर झालेले काम जपून ठेवत होते. शेवटची जपलेली नोंद सव्वाअकराची. म्हणजे एका तासाचे काम हाती होते, साडेचार तासांचे बाकी.

भाचीने अकरा अठ्ठेचाळीसला ते पुन्हा चालू केले. तिचे डोळे तापमानाच्या आकड्यावर होते. सत्तर. एकोणऐंशी. शहाऐंशी.

"घरी कधी ब्याऐंशीच्या वर गेलं नाही," ती पुटपुटली. "जोडणीत काहीतरी हललंय. पिशवीतून आणताना. उघडून बघावं लागेल."

"उघडायला किती वेळ?"

"अर्धा तास. जास्तच."

अभियंता हातातल्या कागदावरून मान वर न करता म्हणाला, "बाई, हौसेने बनवलेल्या यंत्राचं असंच असतं. विभागाची आकडेमोड विभागाच्या केंद्रात झाली आहे. चार खोल्या भरून यंत्रं आहेत तिथे."

"त्या चार खोल्यांत माझ्या बहिणीचा पलंग कुठे ठेवलाय, ते दाखव," मावशी म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिची मान एका बाजूला कलली होती.

"मावशी, मी उघडते."

"थांब गं. ऐक."

"काय ऐकू?"

"आवाज चढलाय त्याचा."

पंख्यांचा आवाज खरोखर चढला होता. स्वयंपाकघरात तो एकसुरी, जाडसर असायचा. इथे तो बारीक झाला होता आणि हळूहळू वर सरकत होता.

"तापलं की पंखे जोरात फिरतात. म्हणून चढतो," भाची म्हणाली.

"जोरात फिरला तर वाऱ्याचा आवाज वाढतो. हा वाऱ्याचा नाही. हा कोरडा ओढतोय." मावशी उठली. "फूटव्हॉल्व्हच्या जाळीवर पिशवी अडकली की पंप असाच रडतो. खालून काही येत नाही आणि हा नुसता ओढत बसतो. बंद कर."

अकरा छप्पनला भाचीने यंत्र हाताने बंद केले. आकडा चौऱ्याण्णव होता. मावशीने दोन्ही हातांनी यंत्र उचलले, आणि त्याच्याबरोबर टेबलावरचे कापडही उचलले गेले. हिरवे, जाड, लोकरी कापड. तळाच्या जाळीला ते लहान मूल दूध पिताना चिकटते तसे चिकटले होते. क्षणभराने सुटून खाली पडले.

भाचीने डोळे मिटून घेतले. रबराचे पाय आठ मिलिमीटरचे. सहा किलोचे यंत्र. मऊ कापडात पाय रुतले आणि पंख्यांनी उरलेले कापड वर ओढून घेतले. अकरा चाचण्या झाल्या होत्या. ओट्यावर, लादीवर, एकदा खुर्चीच्या फळीवर. दोघींच्या घरी टेबलावर कापड घालायची पद्धत नव्हती, आणि सरकारी टेबल कापडाशिवाय नसते हे तेहतीस वर्षे सरकारी नोकरी केलेल्या बाईच्याही डोक्यात आले नव्हते. पंपघरात टेबलच नव्हते.

"कापड काढा," मावशी लिपिकाला म्हणाली.

सभागृहाचा लिपिक पन्नाशीचा, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेला. "कापड काढता येणार नाही. समिती बसलेली असताना टेबल उघडं ठेवत नाहीत."

"टेबलाला थंडी वाजते का?"

"बाई, पद्धत आहे."

मावशीने त्याच्याशी वाद घातला नाही. टेबलाखालच्या पिशवीतून तिने विभागाच्या अहवालाचे दोन खंड काढले. हरकतदारांना दिलेली प्रत. प्रत्येक खंड चारशे पानांचा, कडक पुठ्ठ्याचा. एक डावीकडे ठेवला, एक उजवीकडे, मध्ये वीतभर जागा सोडली आणि यंत्राचे पाय त्यांच्या कडांवर टेकवले. तळाची जाळी मोकळी झाली.

अभियंता आता उभा राहिला. "अध्यक्ष महाराज, हा विभागाचा अधिकृत अहवाल आहे."

"माझी प्रत आहे," मावशी म्हणाली. "सही करून घेतली आहे. आठशे पानांनी आजवर पाणी काही अडवलं नाही, निदान एवढं तरी उचलू देत."

समितीतल्या डावीकडच्या सदस्याने रुमाल तोंडाला लावला. अध्यक्षांनी अहवालाकडे, यंत्राकडे आणि मग नियमाच्या कागदाकडे पाहिले. अहवाल कशासाठी वापरू नये याबद्दल नियमात काही नव्हते. "चालू द्या," ते म्हणाले.

बारा वाजून चौदा मिनिटांनी काम पुन्हा सुरू झाले. पावणेएकला तापमान एक्क्याऐंशीवर स्थिरावले. पडद्यावर अंदाज आला: चार वाजून चव्वेचाळीस. हाताशी सोळा मिनिटे होती.

"सोळा मिनिटं," भाची म्हणाली.

"भरपूर आहेत," मावशी म्हणाली. "मी लग्न मोडायला पाच घेतली होती."

भाचीने तिच्याकडे चमकून पाहिले, पण मावशीचे लक्ष पंख्यांच्या आवाजाकडे होते.

दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली. समिती उठली, अभियंता उठला. लिपिक किल्ल्या वाजवत दाराजवळच्या विजेच्या फळीकडे निघाला. सुट्टीत सभागृहाची मुख्य कळ खाली ओढायची आणि दाराला कुलूप लावायचे, हे त्याचे रोजचे काम.

मावशी त्याच्या आधी तिथे पोचली होती. तिने एक खुर्ची ओढून विजेच्या फळीला पाठ लावून ठेवली होती आणि तिच्यावर बसून डब्याचे झाकण उघडत होती.

"बाई, उठा. सतरा वर्षं झाली, दीडला मेन बंद होतं."

"दहा ते पाच. नियमात मधली सुट्टी लिहिलेली नाही."

"माणसांना जेवायला नको का?"

"जेवा ना. मी अडवलंय? यंत्राला भूक नाही, ते काम करेल."

"उद्या काही झालं तर माझी नोकरी जाईल. तुम्ही तर निवृत्त होऊन बसलात."

हे मात्र मावशीला लागले असावे. तिने डबा मांडीवर ठेवला. "हे बघ, दादा. तुझ्या नोकरीवर मी हात ठेवत नाहीये. कुलूप लाव, आम्ही आत बसतो. कोणी विचारलं तर सांग, म्हातारी ऐकेना. खोटं नाही ते."

लिपिकाने दाराबाहेर एकदा पाहिले. मग तो वाकला आणि तिच्या खांद्यावरून हात घालून मुख्य कळ सोडून बाकीची बटणे एकेक करून बंद केली. दिवे गेले, छताचे पंखे गेले, एसी गेला. "यंत्राची जोडणी ठेवलीये," तो म्हणाला. "बाकीचं चालू ठेवलं तर खालून दिसतं." बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला.

सभागृहाच्या खिडक्या उघडत नाहीत. वीस मिनिटांत आतली हवा जड झाली. तापमान त्र्याऐंशी झाले, मग सत्त्याऐंशी, मग एक्क्याण्णव. मावशी उठून आली, तिने वरच्या झाकणावर तळहात ठेवला आणि सातला उचलला.

"वेग कमी कर," ती म्हणाली.

"कमी केला तर सोळा मिनिटं गेली."

"आणि बंद पडलं तर सगळं गेलं. कर कमी."

भाचीने केला. वेग चाळीस टक्क्यांवर आला, आकडा पंच्याऐंशीवर उतरला. सुट्टी पाऊण तासाची होती, पण समिती अडीचला परतली. एसी सुरू झाला, भाचीने वेग पूर्ववत केला आणि नवा अंदाज येण्याची वाट पाहिली.

पाच वाजून आठ मिनिटे.

भाची उठून समितीच्या टेबलासमोर गेली. "एक तास सभागृहाची हवा बंद होती. त्यामुळे आमची चोवीस मिनिटं गेली. आम्हाला दहा मिनिटं वाढवून द्या."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी नियमाचा कागद पुन्हा वाचला, या वेळी शेवटपर्यंत. "वाढीव वेळेची तरतूद नाही. मी दिली तर विभाग माझ्या निर्णयावर अपील करेल आणि तुमची हरकत त्यातच वाहून जाईल. पाच म्हणजे पाच."

ती परत येऊन बसली. दोन वाजून अडतीस मिनिटे झाली होती.

"सहा टक्के," ती हळू आवाजात म्हणाली.

मावशीला कळले. कार्डाची कमी केलेली वीज परत दिली तर वेग सहा टक्के वाढतो. बाकी राहिलेल्या कामात सहा टक्के म्हणजे आठ मिनिटे.

"पूर्ण जोरावर ते दोन तास दहा मिनिटं टिकलं होतं," भाची म्हणाली. "आता दोन तास वीस मिनिटं टिकायला हवं. तेव्हा ओट्यावर होतं, खिडक्या लावून. इथे एसी आहे. टिकेल किंवा नाही. पुरवठ्याची पेटी जळाली तर कार्डही घेऊन जाईल. आणि मग दुसरं आपल्याच्याने होणार नाही, मावशी. तू सांग. पाठ दुखत नाही तिथे चालव, असं तूच म्हणतेस."

मावशीने झाकणावर हात ठेवला. दहापर्यंत मोजले. उचलला नाही.

"तेहतीस वर्षं मी मोटर वाचवली," ती म्हणाली. "का, माहीत आहे? मोटर वाचली तर खालची गल्ली वाचायची, म्हणून. लोक म्हणतात पंपवाली फार जपून वागते. मोटरीसाठी कोण जपतं?" तिने हात काढून घेतला. "दे पूर्ण. जळाली तर जळू दे."

दोन चाळीसला भाचीने वीज पूर्ण केली. पंख्यांचा आवाज वाढला, पण जाड राहिला. मावशीने कान देऊन ऐकले आणि मान डोलावली. पडद्यावरचा अंदाज हलला: पाच शून्य चार, पाच शून्य दोन, मग पाच वाजता. तिथेच थांबला.

पुढचे दोन तास सभागृहात दुसरे कामकाज झाले नाही. दुसरी हरकतच नव्हती. पडद्यावर शहराचा नकाशा होता, राखाडी घरे आणि त्यांच्यामधून सरकणारा निळा रंग. आकडेमोडीतला पाऊस पडत होता आणि खालच्या गल्लीशेजारी पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये उमटत होती. तीन दहाला तिथे अठरा होते. तीन पंचवीसला बावीस. अभियंत्याने कागद खाली ठेवला.

साडेतीनला मावशीचा हात नऊपर्यंत टिकला. पडद्यावर एकेचाळीस.

तीन पंचेचाळीसला त्रेपन्न आले. भाचीने मावशीकडे पाहिले नाही आणि मावशीने भाचीकडे. दोघींपैकी कोणीही समितीला तो आकडा काय आहे ते सांगितले नाही.

चारला अभियंता चहाचा कप घेऊन हरकतदारांच्या टेबलाशी आला. पडद्यावर सत्तर होते. "बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे पंपघर बंद धरून?"

"तुझ्याच नळाचा व्यास घातलाय. तुझ्याच उताराने. खंड दोन, पान तीनशे बारा. पण ते आत्ता बघता येणार नाही, यंत्र बसलंय त्याच्यावर."

"आम्ही पाऊस तीन तासांवर सरासरी काढून घातला होता," तो म्हणाला.

"मी तुला शिकवलं होतं का, पाऊस सरासरीने पडतो म्हणून?"

अभियंता कप तसाच हातात घेऊन आपल्या जागेवर गेला.

चार वाजून वीस मिनिटांनी तापमान नव्वद होते आणि मावशीचा हात सहाला उचलला गेला. भाचीने विचारले, "किती?" मावशी म्हणाली, "तू तुझा पडदा बघ." खालच्या गल्लीत शहाण्णव सेंटिमीटर.

साडेचारला डावीकडचा सदस्य अध्यक्षांच्या कानाशी वाकला. अध्यक्षांनी पडद्याकडे बोट केले आणि मग बोट नियमाच्या कागदावर आणले. सदस्य मागे सरकला. लिपिक दाराशी येऊन उभा होता. त्याने किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला होता, वाजू नये म्हणून.

"मावशी," भाची म्हणाली, "बंद कर म्हणालीस तर मी आत्ता वीज कमी करते. यंत्र तरी राहील. पुढच्या वेळी..."

"मंजुरी मिळाल्यावर पुढची वेळ कसली? हात काढ त्या कळांवरून."

भाचीने हात काढून मांडीवर ठेवले.

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी आकडेमोड चौऱ्याण्णव टक्के पूर्ण झाली होती. खालच्या गल्लीत पाणी एकशे बारा सेंटिमीटर दाखवत होते आणि चढत होते. कार्डाचे तापमान ब्याण्णव. ते पंच्याण्णवला स्वतःहून बंद होते. पडद्यावरचा शिल्लक वेळ एकोणीस मिनिटे आणि भिंतीवरच्या घड्याळात पाचला एकोणीस मिनिटे कमी. मावशीने झाकणावर तळहात ठेवून मोजायला सुरुवात केली. हात चारपर्यंत टिकला; पंपघरात याच आकड्याला तिने मोटर बंद केली असती. तिने तो उचलला, लुगड्याला पुसला आणि परत ठेवला.